पॅरालिसिसनंतर नुसतं "फिजिओ लावा" सांगतात, पण रिहॅबच्या टीममध्ये कोण कोण असतं आणि कुणाकडून काय शिकून घ्यायचं

आईला पॅरालिसिसचा अटॅक आला, दहा दिवस हॉस्पिटल झालं, आणि डिस्चार्जच्या दिवशी औषधांची चिठ्ठी हातात देऊन सांगितलं की घरी न्या आणि फिजिओ लावा. एवढंच. आम्ही लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, लाकडी जिना, संडास गॅलरीच्या टोकाला, आणि आईची उजवी बाजू लुळी, तोंडातून शब्द फुटत नव्हता. फिजिओ यायचे, पाऊण तास हातपाय हलवून घ्यायचे आणि जायचे, बाकी दिवसभर आम्ही तिला नुसतं झोपवून ठेवायचो कारण पडली बिडली तर काय. दीड महिना असा गेला आणि तो दीड महिना मला अजून टोचतो, म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांच्या घरी आत्ता हे चालू आहे त्यांनी सावकाश वाचा.

मग ओळखीच्या एका सिस्टरने सांगितलं की पीएमआरच्या ओपीडीत दाखव. पीएमआर म्हणजे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन (रिहॅब म्हणजे आजारानंतर माणसाला रोजच्या जगण्यात परत उभं करणं), ही डॉक्टरीतलीच वेगळी शाखा आहे, एमबीबीएसनंतर त्यात एमडी करतात आणि त्या डॉक्टरांना फिजियाट्रिस्ट म्हणतात. नाव फिजिओथेरपिस्टसारखं वाटतं म्हणून लोकांचा गोंधळ होतो, आमचाही झाला. मी गेल्या गेल्या विचारलं, डॉक्टर, आई कधी चालणार? मॅडमनी उलट मलाच विचारलं, घरी संडास कुठे आहे? देशी की कमोड? मध्ये उंबरा आहे का? आजी आजारी पडायच्या आधी सकाळी उठून काय काय करायच्या? मला वाटलं ह्या विषय का बदलतायत. पण रिहॅबचा खरा विषयच तो असतो हे मला नंतर कळलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये एक मांडणी केली, तिला आयसीएफ म्हणतात, आणि रिहॅबवाले पेशंटकडे साधारण त्याच नजरेने बघतात. पहिली पातळी शरीराची, म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला म्हणून आईच्या उजव्या हातापायातली ताकद गेली आणि बोलणं गेलं. दुसरी कामाची, म्हणजे तिला कुशीवर वळता येईना, वेणी घालता येईना, घास तोंडाशी नेता येईना. तिसरी चारचौघांत असण्याची, म्हणजे गुरुवारचं भजन सुटलं, भाजीवाल्याशी घासाघीस सुटली, शेजारणींच्या हळदीकुंकवाला जाणं सुटलं. आणि ह्या सगळ्याच्या भोवती घर, जिना, पैसा, माणसं आणि पेशंटचा स्वतःचा स्वभाव. हे नीट समजलं की एक मोठा धीर येतो, कारण एका पातळीवर अडलं तरी दुसरीवर काम करता येतं. उजव्या हाताची बोटं आली नाहीत तरी डाव्या हाताने जेवता येतं. गॅलरीच्या टोकापर्यंत चालता आलं नाही तरी कॉटला लागून कमोड खुर्ची ठेवली आणि तिच्यावर सरकून बसायला शिकवलं तर डायपर सुटतो. आमच्याकडे डायपर सुटला त्या आठवड्यात आई पोटभर जेवायला लागली, तोपर्यंत ती मुद्दाम कमी खात होती आणि आम्हाला वाटत होतं औषधांनी भूक मेलीय.

मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही, पण बाकीचा मेंदू ती कामं थोडीफार शिकून घेऊ शकतो आणि त्याला पुन्हा पुन्हा सराव लागतो, तोसुद्धा खऱ्या कामाचा. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा साधारण सगळ्यात वेगाने होते, नंतर वेग कमी होतो पण दार बंद होत नाही. त्यामुळे "थोडी ताकद आली की सुरू करू" असं म्हणत थांबू नका, डॉक्टर तब्येत स्थिर आहे म्हणाले की लगेच विचारा काय सुरू करायचं.

आता माणसं. फिजियाट्रिस्ट सगळी सूत्रं धरतात, कुठल्या थेरपीची किती गरज आहे ते ठरवतात, हात आकडून मुठी आवळायला लागल्या तर त्यावर गोळ्या किंवा बोटॉक्सचं इंजेक्शन, खांद्याचं दुखणं, लघवीवरचा ताबा, कुठला ब्रेस (हातापायाला आधार देणारं साधन) लागेल, हे त्यांना विचारायचं. फिजिओथेरपिस्ट कुशीवर वळणं, उठून बसणं, तोल, उभं राहणं, चालणं, जिना बघतात. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, फिजिओ रोज नुसतं मालिश किंवा मशीन लावून जात असतील आणि पेशंट स्वतः काहीच करत नसेल तर विनंती करून सांगा की हिला उठवा, बसवा, आणि आम्हालाही शिकवा.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे ओटी, ह्यांचं नाव बहुतेक घरांत कुणी ऐकलेलंच नसतं, आम्हीसुद्धा नव्हतं. नाव ऐकून वाटतं नोकरीधंद्याचं काहीतरी असेल, पण इथे ऑक्युपेशन म्हणजे माणूस दिवसभरात जे जे करतो ते सगळं, आंघोळ, कपडे, जेवण, स्वयंपाक, पैसे मोजणं, फोन लावणं. आणि हे आपल्याच शहरात रुजलेलं शास्त्र आहे, कमला निंबकर ह्यांनी १९५० मध्ये परळच्या केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली, भारतातली पहिली. लालबागपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि आम्हाला पत्ता नव्हता! ओटी मॅडमनी मला मोबाईलवर घराचे फोटो काढून आणायला सांगितले, दरवाजाची रुंदी, कॉटची उंची, मोरी, उंबरा, सगळं टेपने मोजून. मग कॉटच्या पायांखाली लाकडी ठोकळे घालायला लावले कारण कॉट खूप खाली होती आणि तिथून उठायला जास्त ताकद लागते. मोरीत प्लॅस्टिकची भक्कम खुर्ची, भिंतीला डाव्या हाताशी येईल असा दांडा, ताटाखाली ओलं फडकं म्हणजे ताट सरकत नाही. ब्लाउज घालताना कमजोर हात आधी घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा, हा एवढा साधा नियम कळल्यावर रोजची अर्ध्या तासाची झटापट संपली. तुम्हाला एकच गोष्ट करायची असेल तर आधी ओटीला भेटा, आणि घराची मापं घेऊनच भेटा.

स्पीच थेरपिस्ट फक्त बोलण्यासाठी असतात असं समजू नका, गिळणंही तेच तपासतात. चहा पिताना ठसका लागणं, जेवल्यावर आवाज ओलसर घोगरा होणं, गालात घास साठून राहणं, असं काही दिसलं तर लगेच दाखवा, कारण अन्नपाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. जेवताना ताठ बसवायचं, छोटे घास, आधीचा गिळला का बघून पुढचा, आणि जेवण झाल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. पातळ पदार्थ कितपत घट्ट द्यायचे ते थेरपिस्ट तपासून सांगतील, अंदाजाने ठरवू नका. बोलण्याचं म्हणाल तर आईला बरंचसं समजत होतं, शब्द मात्र सापडत नव्हते, ह्याला अफेजिया म्हणतात. लोक घरी येऊन तिच्यासमोरच "आता हिला काही कळत नाही" म्हणायचे, मला फार राग यायचा. अशा माणसाशी हळू, छोट्या वाक्यात, एका वेळी एकच प्रश्न विचारून बोला, चहा की दूध असं दोन्ही कप दाखवून विचारा, आणि उत्तरासाठी थांबा. टीव्ही बंद करून.

नर्स त्वचा, लघवीची नळी, कुशी बदलणं शिकवतात. पेशंट स्वतः हलत नसेल तर दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या, लालसर डाग दाबल्यावरही लालच राहिला तर ती बेडसोरची सुरुवात, त्या जागेवरचा भार तिथल्या तिथे काढायचा आणि चोळायचं अजिबात नाही. ऑर्थोटिस्ट ब्रेस आणि स्प्लिंट बनवतात, प्रोस्थेटिस्ट कृत्रिम हातपाय. आईचा पाय चालताना पुढून लोंबायचा म्हणून एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा ब्रेस दिला, तो घातल्यावर चपलेचं माप बदलतं हे कुणी आधी सांगत नाही, बूट घ्यायला जाल तेव्हा ब्रेस घालूनच जा, आणि नवीन ब्रेस काढल्यावर पायावर वळ बघा. सायकॉलॉजिस्टला टाळू नका. अटॅकनंतर डिप्रेशन बऱ्याच जणांना येतं आणि घरचे त्याला आळस किंवा हट्ट समजतात. सोशल वर्कर योजना, ट्रस्टची मदत, सर्टिफिकेट ह्यांचे रस्ते दाखवतात.

आणि टीममध्ये तुम्हीपण आहात, ब्युरोतून पेशंट सांभाळायला येणाऱ्या मावशीसुद्धा. थेरपीच्या वेळी मावशींना बाहेर बसवू नका, आत घ्या, त्यांच्याच हातून करून बघायला सांगा. सगळ्यात महत्त्वाचं, कमजोर हाताला धरून किंवा काखेत हात घालून कधीही ओढायचं नाही, खांदा सांध्यातून खाली उतरतो आणि नंतर महिनोन्‌महिने दुखतो, आमच्याकडे तेच झालं होतं. उठवताना खुर्ची चांगल्या बाजूला लावा, व्हीलचेअर असेल तर ब्रेक लावा, दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले, पेशंटला पुढे वाकायला सांगा, आणि आधार कमरेच्या पट्ट्याला द्या. जिना चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना कमजोर पाय आधी खाली. हे पहिल्यांदा फिजिओसमोर करून मगच घरी करा.

टीमकडून काम करून घ्यायचं तर एक वही ठेवा. आम्ही पहिल्या पानावर लिहिलं होतं: "सहा आठवड्यांत आई कॉटवरून कमोड खुर्चीवर एका माणसाच्या आधाराने बसेल." सगळ्यांना तेच वाक्य दाखवायचो, मग फिजिओ उभं राहण्यावर, ओटी साडी सावरण्यावर, स्पीचवाले "शू" हा शब्द किंवा खूण शिकवण्यावर काम करायला लागले, नाहीतर आधी प्रत्येकजण आपापलं काहीतरी करत होता. "बरी व्हावी" हे ध्येय धरून कुणालाच काम करता येत नाही. प्रगती मोजायला बार्थेल इंडेक्स विचारा, जेवण, आंघोळ, कपडे, संडास, जिना अशी दहा कामं आणि ० ते १०० गुण, १९६५ पासूनचं साधं माप आहे, आणि "काही फरक नाही" असं वाटत असताना वहीत आकडा वाढलेला दिसतो.

मुंबईत कुठे जायचं? हाजीअलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, केंद्र सरकारची संस्था, १९५५ पासूनची, ब्रेस आणि कृत्रिम पायसुद्धा तिथे बनतात. केईएम, सायन, नायर इथे फिजिओ आणि ओटी दोन्ही शिकवतात, त्यामुळे थेरपिस्ट मिळतात. बोलण्या-ऐकण्यासाठी बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था. सकाळी लवकर जा, केसपेपर काढायला एक माणूस वेगळा ठेवा, एमआरआय आणि डिस्चार्ज कार्डाच्या झेरॉक्स दोन सेट. चाळीतून उतरवायला आम्ही हात असलेली खुर्ची आणि मंडळाची चार पोरं घ्यायचो, सांगितलं की येतात.

काही महिन्यांनी कमजोरी राहिलीच तर दिव्यांग सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्डसाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज करा. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि बऱ्याचशा सवलतींसाठी ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं. कधी अर्ज करायचा ते फिजियाट्रिस्टना विचारा.

अचानक नवीन कमजोरी, तोंड वाकडं होणं, एकच पाय सुजून दुखणं, छातीत दुखणं, दम लागणं, खोकल्याबरोबर ताप, ह्यातलं काही दिसलं तर त्या दिवशी व्यायाम नाही, थेट हॉस्पिटल, फिजिओ येईपर्यंत वाट बघायची नाही.