दर हंगामाला नवी जर्सी: व्यावसायिक फुटबॉलमध्ये टिकायचं कसं

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा हंगाम संपत आला की पेठेतली एक-दोन पोरं हमखास घरी येतात. "दादा, बाहेर खेळायचंय. काय करू?" त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी हे लिहितोय.

मी राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू. कोलकाता, गोवा, मुंबई, केरळ, ईशान्य भारत असा फिरत खेळलो, बहुतेक ठिकाणी एकाच हंगामाच्या करारावर. विशीपासून चौतिशीपर्यंत घर फुटबॉलवर चाललं. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला, पुढं जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा अशा इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) क्लबांत गेला, तेव्हा सगळ्या पेठांची छाती फुगली. फुगायलाच पाहिजे. पण त्या उंचीच्या खाली राहून या खेळावर पोट भरणारे कितीतरी खेळाडू आहेत आणि त्यांनी हे कसं जमवायचं हे कुणी सांगत नाही.

माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं: क्लबचं नाव बघून सही करू नकोस. तिथं तुला मैदानात किती मिनिटं मिळतील आणि कागदावर काय लिहिलंय, हे दोनच प्रश्न विचार.

कारण क्लब बंद पडतात. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, पंजाबचा जेसीटी २०११ मध्ये. पुण्याचं बघ. पुणे एफसी, एकाच हंगामात आटोपलेला भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स, एफसी पुणे सिटी, सगळे काही वर्षांच्या अंतरानं गेले. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तीन जुन्या क्लबांनी आय-लीग ही राष्ट्रीय लीग सोडली. जुलै २०२५ मध्ये तर खुद्द आयएसएलचाच पुढचा हंगाम अधांतरी झाला आणि काही क्लबांनी पगार थांबवले. अशा वेळी दुसऱ्या क्लबचा कोच विचारतो ते एवढंच: गेल्या वर्षी किती सामने खेळलास? मोठ्या क्लबच्या बाकावर वर्ष काढलेल्या पोरापेक्षा लहान क्लबकडून अठरा सामने पूर्ण खेळलेल्या पोराला आधी फोन जातो. सुनील छेत्रीसुद्धा २०१३ मध्ये बेंगळुरूला स्थिरावण्याआधी मोहन बागान, जेसीटी, ईस्ट बंगाल, धेंपो असा फिरलाच होता. क्लब बदलणं म्हणजे अपयश, हे डोक्यातून काढून टाक.

वर्ष कसं मांडायचं

आपला कोल्हापूरचा हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. कोलकाता लीग भर पावसाळ्यात. मलबारात मलप्पुरम, कोझिकोडच्या बाजूला सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात जणांच्या, स्पर्धा पाऊस गेल्यावर रंगतात, तात्पुरत्या गॅलऱ्या उभारून, दिव्यांच्या उजेडात, आणि तिथं सामन्यागणिक पैसे मिळतात. बंगालमध्ये असंच पैसे घेऊन गावोगावच्या स्पर्धांत खेळण्याला 'खेप' म्हणतात. कॅलेंडर बघून पोरांना वाटतं, बारा महिने कमाई करता येईल.

तसं करायचं नाही. एक तर फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा, नियम आहे: एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी होऊ शकते आणि अधिकृत सामने त्यातल्या दोनच क्लबांकडून खेळता येतात. म्हणून कुणाच्याही शब्दावर फॉर्म भरण्याआधी, आपली नोंदणी आत्ता कुठं आहे हे अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएस या नोंदणी प्रणालीत तपासून घे. 'नुसती सही करून ठेव, नंतर बघू' म्हणणारा माणूस तुझं वर्ष खाऊ शकतो. दुसरं म्हणजे सेव्हन्स किंवा खेप खेळताना गुडघा गेला तर ना विमा, ना क्लब. करारात बहुतेक वेळा बाहेर खेळायला स्पष्ट मनाई असते. पाच हजारांच्या सामन्यासाठी वर्षाचा करार पणाला लावू नकोस.

विशीच्या आतल्या पोरानं एक पावसाळा कोलकात्यात काढावा, असं माझं ठाम मत आहे. १८९८ पासून चालत आलेली ती लीग आहे. चिखलात, प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात, दर तीन-चार दिवसांनी सामना खेळताना बचावपटू जे शिकतो ते सरावात शिकता येत नाही. शिवाय तिथं लहान क्लबकडेही सगळ्यांचं लक्ष असतं. २०१९ मध्ये पीअरलेसनं लीग जिंकली. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन हे तीन बडे क्लब सोडून दुसऱ्या क्लबनं ती जिंकण्याची १९५८ नंतरची ती पहिली वेळ. मात्र अलीकडे बंगालच्या स्थानिक खेळाडूंसाठी जागा राखल्या जातात. म्हणून बाहेरच्या खेळाडूला जागा आहे का, हे तिकीट काढण्याआधी विचार.

ट्रायल

साठ पोरं, चार टीम, पंचवीस-पंचवीस मिनिटांचे सामने. यात चमकून दिसायच्या नादात बहुतेक पोरं बॉल आला की तीन जणांना चकवायला जातात आणि तिथंच संपतात. कोच काय बघतो ते सांगतो, कारण नंतर मी कोचच्या शेजारी बसून ट्रायल घेतल्यात.

बॉल तुझ्याकडे येण्याआधी तू मान वळवून मागं बघितलंस का? पहिला टच पुढं गेला की पायात अडकला? बॉल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असताना तू कुठं उभा आहेस? बॅकसाठी हे तिसरं सगळ्यात मोठं. लेफ्ट विंगवर बॉल आहे आणि राइट बॅक लाइनला चिकटून कमरेवर हात ठेवून उभा, असं दिसलं की वहीत त्याच्या नंबरापुढं काट. तो आत सरकून सेंटर बॅकच्या जवळ आलेला असला आणि तोंडानं बोलत असला, "टर्न" (वळ), "टाइम" (वेळ आहे), "मॅन ऑन" (अंगावर माणूस आहे), तर त्याचं नाव विचारलं जातं. बोलणं फुकट आहे आणि शंभरातली नव्वद पोरं ट्रायलमध्ये तोंड उघडत नाहीत. आपली पोरं इंग्रजी-हिंदीला बुजतात. मैदानावर लागणारे शब्द वीसच आहेत, पाठ कर आणि मोठ्यानं ओरड.

दोन जागा खेळता आल्या पाहिजेत. क्लबला पंचवीस जणांत सगळं बसवायचं असतं. राइट बॅक जो गरज पडली तर सेंटर बॅक किंवा होल्डिंग (बचावफळीच्या पुढचा मिडफिल्डर) खेळतो, त्याचा करार आधी होतो. व्हिडिओ पाठवताना चार-पाच मिनिटांचे तुकडे पाठव, पण सोबत एका पूर्ण सामन्याची लिंकही दे, तीही हरलेल्या सामन्याची चालेल. नुसते गोल आणि टॅकल कापून जोडलेल्या व्हिडिओवर अनुभवी कोच विश्वास ठेवत नाही.

ट्रायलसाठी आधी पैसे मागणारा एजंट असेल तर फोन ठेव. एजंटकडे फिफाचं लायसन्स लागतं, त्याची यादी फिफाच्या साइटवर सगळ्यांना बघता येते. खेळाडूनं एजंटशी केलेला करार दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा असू शकत नाही, हेही लक्षात ठेव.

करार

इथं मी जरा थांबून सांगणार आहे, कारण चांगल्या खेळाडूंचं नुकसान इथंच होतं.

करार इंग्रजीत असतो, दहा-बारा पानं. ऑफिसात बसवून पेन हातात देतात. सही करू नकोस. "उद्या सकाळी देतो" म्हण, सगळ्या पानांचे फोटो काढ, ओळखीच्या वकिलाला पाठव. ज्या क्लबला तू खरोखर हवा आहेस तो एक रात्र थांबतो.

मग हे बघ. पगार किती महिन्यांचा? समजा महिना तीस हजार ठरले, पण करार आठ महिन्यांचा आहे. म्हणजे वर्षाला दोन लाख चाळीस हजार, महिन्याला वीसच हजार पडले. घरी वीस हजार सांग, तीस नको. राहणं, जेवण, घरी जायचं तिकीट कुणाकडे? दुखापत झाली तर शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार आणि त्या काळात पगार चालू राहणार का? एसीएल (गुडघ्यातला अस्थिबंध) गेला तर परत यायला सहा ते नऊ महिने सहज लागतात, म्हणजे आठ महिन्यांचा करार संपून जातो. 'कामगिरी समाधानकारक नसेल तर करार रद्द' असं वाक्य असेल तर ते काढून टाकायला सांग. समाधान कुणाचं, कशावरून, हे तिथं लिहिलेलं नसतं. शेवटी, दोघांच्या सह्या आणि शिक्का असलेली प्रत हातात घेतल्याशिवाय उठायचं नाही. 'नंतर मेल करतो' चालणार नाही.

वय अठराच्या आत असेल तर तीन वर्षांपेक्षा मोठा करार होत नाही, मोठ्यांचा पाच वर्षांपर्यंत. शेवटचे सहा महिने राहिले की दुसऱ्या क्लबशी बोलायचा हक्क तुला आहे, लपूनछपून बोलायची गरज नाही.

पगार थकणार हे आधी जेवणात कळतं. मी एका क्लबच्या फ्लॅटवर सात जणांसोबत राहत होतो. आधी रोजचं चिकन आठवड्यातून दोनदा झालं. मग दूधवाला दारात उभा राहून आमच्याकडेच बिल मागू लागला. मग एक दिवस स्वयंपाकाचे काका आलेच नाहीत, कारण त्यांचेही पैसे थकले होते. मॅनेजर मात्र रोज "या आठवड्यात होतंय" म्हणायचा. तेव्हा एका सीनियर गोलकीपरनं आम्हाला बसवून नियम सांगितला, तो आता मी तुला सांगतो. दोन महिन्यांचे पगार थकले की क्लबला लेखी नोटीस द्यायची, थकलेले पैसे द्यायला किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची, आणि तरी नाही आले तर योग्य कारणानं करार तोडता येतो. फिफाच्या नियमांतच हे आहे. नोटीस ईमेलनं दे, फोनवर नको. व्हॉट्सॲपवरचे मेसेज, बँकेचं स्टेटमेंट, सरावाला हजर असल्याचे फोटो, सगळं जपून ठेव. रागानं सराव सोडून घरी निघून यायचं नाही, कारण मग चूक तुझी ठरते. प्रकरण फेडरेशनच्या प्लेयर स्टेटस समितीकडे जातं, वेळ लागतो, पण कागद पक्के असतील तर पैसे मिळतात. आमच्यातल्या ज्यांनी कागद ठेवले त्यांना मिळाले. खेळाडूंची संघटनाही आहे, फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया (एफपीएआय), बायचुंग भूतियाच्या पुढाकारानं २००६ मध्ये उभी राहिलेली. तिचा सभासद हो.

शरीर

बुटांचे दोन जोड बाळग. पावसाळी चिखलाला लांब स्क्रू स्टड, कृत्रिम टर्फला बुटके आणि जास्त स्टड असलेले. मुंबईत कुपरेजच्या टर्फवर लांब स्टड घालून वळलास की पाय जमिनीत अडकतो आणि गुडघा फिरतो. नवे महागडे बूट नसले तरी चालतील, चुकीचे चालणार नाहीत.

वर्षातून एकदा ईसीजी आणि टू-डी इको या हृदयाच्या तपासण्या स्वतःहून करून घे, क्लबनं सांगितलं नाही तरी. २००४ मध्ये बंगळुरूत फेडरेशन कपच्या फायनलला धेंपोचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर मैदानात कोसळला आणि गेला. गोल करणारा, धडधाकट माणूस. तेव्हापासून कुठल्याही स्पर्धेत मी वॉर्म-अपला जाताना गेटवर रुग्णवाहिका आहे का ते बघायचो, आणि नसली तर आयोजकांना विचारायचो. तूही विचार. लाजू नकोस.

हॅमस्ट्रिंग धरलं की एक सामना बाहेर बस. इंजेक्शन घेऊन खेळलेल्या एका सामन्यामुळं पाच सामने जातात, आणि हंगामी खेळाडूला पाच सामने गेले की पुढचा करार गेला.

पैसा आणि नोकरी

क्लब टीडीएस कापतो. तो खरंच भरला का हे आयकराच्या पोर्टलवर बघ आणि रिटर्न भर, कापलेला बराचसा पैसा परत येतो. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला पडेपर्यंत मोटारसायकल घ्यायची नाही.

आता आई-वडिलांशी बोलतो. तुम्हाला पोराच्या नोकरीची काळजी आहे आणि ती रास्त आहे. रेल्वेच्या क्रीडा कोट्यात वय अठरा ते पंचवीस लागतं, त्यात सवलत मिळत नाही. म्हणजे 'आधी दहा वर्षं खेळू दे, मग बघू' हा हिशेब तिथं चालत नाही. विसाव्या-एकविसाव्या वर्षापासून संतोष ट्रॉफी या राज्या-राज्यांतल्या स्पर्धेच्या महाराष्ट्र संघाच्या निवडीसाठी त्यानं उतरलंच पाहिजे, क्लबचा करार लहान असला तरी, कारण नोकरीच्या अर्जाला राज्याकडून खेळल्याचं प्रमाणपत्र लागतं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांतही खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण कुठल्या पदाला कुठली कामगिरी चालते हे ठरलेलं असतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्यावी लागते. जाहिरात निघाल्यावर धावपळ नको. प्रमाणपत्र हातात आलं की त्याच महिन्यात पडताळणीला टाका.

आणि पदवी. पोरगं आठ महिने बाहेर असताना रोज कॉलेजला जाणं शक्य नाही, म्हणून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. किंवा बी.कॉम.ला नाव घाला. पुस्तकं प्रवासात वाचून होतात. परीक्षेच्या तारखा लागल्या की त्या लगेच क्लबच्या मॅनेजरला ईमेलनं कळवायला लावा आणि सुट्टी लेखी मागून घ्या. मी ज्या ज्या मॅनेजरला महिनाभर आधी कळवलं, त्यांनी परीक्षेला सोडलं.