अँप बदलण्याआधी खुर्ची सरकवा: हाय-फायच्या छंदातल्या या चुका टाळा

तीस-चाळीस हजारांत बुकशेल्फ (कपाटावर मावणाऱ्या छोट्या) स्पीकरची जोडी आणि साधा स्टीरिओ अँप (अँप्लिफायर) बसतो, आणि त्यावर गाणं खरोखर छान वाजतं. तरी महिन्याभरात कुरकुर सुरू होते. बास (खालचे सूर) नाहीच, नाहीतर नुसता बासच. मग लगेच पुढची खरेदी.

माझंच सांगतो. एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी मी उलट्या लावल्या होत्या आणि तीन महिने अँपला शिव्या घालत होतो. वायर उलटी असली की एका वूफरचा (बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) शंकूसारखा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि गायक मधोमध न बसता खोलीभर पसरतो. एखादं जुनं मोनो गाणं लावून पाहा. आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून यायला हवा. शंका आली तर अँप बंद करून एकाच स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. ज्या जोडणीत बास भरतो ती बरोबर.

बास घुमत असेल तर दोष बहुधा खोलीचा. आपली दहा बाय दहाची खोली याबाबतीत फार वाईट. लांबी-रुंदी सारखीच, त्यामुळे दोन्हीकडून सुमारे ५६ हर्ट्झचा तोच सूर फुगतो, आणि छतही तेवढंच उंच असेल तर विचारूच नका. डग्ग्याचा एखादाच घुमारा छातीवर बसतो, बाकीचे विरळ. भिंतीलगत हा फुगवटा सर्वांत जास्त, आणि सोफा नेमका भिंतीलाच टेकलेला! बैठक दोन-तीन फूट पुढे घ्या. अगदी खोलीच्या मध्यावरही नको, तिथे तोच सूर गायब होतो. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) बसल्यावर कानाच्या उंचीला येऊ द्या, आणि दोन स्पीकर व तुम्ही असा साधारण समभुज त्रिकोण जमवा. सगळं फुकटात.

टाइल्सच्या खोलीत टाळी वाजवा. ती झणझणली तर सतरंजी अंथरा, जाड पडदा लावा, पुस्तकांचं कपाट असेल तर उत्तम. यानं वरचे सूर शांत होतात, बास नाही. भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवू नका. ट्रे तसेच राहतात आणि घुमाराही.

वॉटच्या आकड्याला भुलू नका. ५० वॉटचे १०० केले तर वाढ फक्त ३ डेसिबलची. ८७ ऐवजी ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच वॉटवर जास्त मोठा वाजणारा स्पीकर घेतला तरी तेवढंच मिळतं. पेटीवर पीएमपीओ (क्षणभराच्या शिखराचा फुगवलेला वॉटचा आकडा) लिहिलेलं असेल तर तो आकडा वाचूच नका. वायरींचंही तसंच: पाच मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरते. फक्त तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून गळ्यात पडत नाही ना, ते टोक खरवडून पाहा.

सतत घूंऽऽ येतोय? अँपच्या मागे लावलेल्या सिग्नलच्या वायरी एकेक काढत जा. केबल टीव्हीची वायर काढल्यावर थांबला तर चोर सापडला. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर लावूनही पाहा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र काढू नका. घूं जाईल, पण शॉकपासूनचं संरक्षणही जाईल. टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) बारीक, पातळ वाजत असेल तर ते फोनो प्रीअँपशिवाय, म्हणजे त्याचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राशिवाय, थेट अँपच्या साध्या ऑक्स इनपुटला लागलंय.

दोन डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारी यंत्रं) किंवा दोन अँप यांची तुलना करताना आवाज अगदी सारखा ठेवा. किंचित मोठा वाजणारा नेहमीच भारी वाटतो. दुकानात तर हमखास फसायला होतं. आणि पंखा पाचवर ठेवून बारकावे शोधू नका.

जुने स्पीकर घेताना जाळी काढून वूफरच्या कडेच्या रिंगवर हलकेच बोट फिरवा. आपल्या दमट हवेत फोम सडतो. बोटाला चुरा लागला तर रिंग बदलायचा खर्च धरूनच भाव करा. रबराची रिंग जास्त टिकते.