लहान मुलांसह बेघर झालेल्या कुटुंबासोबत कार्यालयात जाण्यापूर्वीची तयारी

दरड कोसळून, उधाणाचे पाणी शिरून किंवा वादळात छप्पर उडून घर गेलेल्या कुटुंबात सहा वर्षांखालील मूल असेल, तर सोबत जाणाऱ्याने त्या कुटुंबाला तहसील कार्यालयाच्या आधी जवळच्या अंगणवाडीत न्यावे. घराची मदत पंचनामा, यादी आणि मंजुरी या टप्प्यांतून येते व त्यात महिने जातात. मुलाचा आहार यांपैकी कशावरही अवलंबून नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाची बालके, गरोदर माता आणि प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत स्तनदा माता यांना अंगणवाडीतून विनामूल्य पूरक आहाराचा हक्क आहे. कुटुंब शाळेतल्या निवारा केंद्रात असो, नातलगांच्या पडवीत असो वा दुसऱ्या गावी भाड्याच्या खोलीत असो, तिथल्या सेविकेकडे नाव नोंदवावे आणि जुन्या अंगणवाडीलाही तसे कळवावे. माता-बाल संरक्षण कार्ड वाहून गेले असल्यास आशाताईंना सोबत घेऊन उपकेंद्राच्या नोंदवहीतून लसीकरणाच्या तारखा उतरवून घ्याव्यात.

पंचनाम्यासाठी तलाठी येण्यापूर्वी ढिगारा हलवू नये. हलवणे भागच असेल, तर आधी चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. कपडे आणि भांडी यांच्या हानीसाठी वेगळी मदत असते, म्हणून ती नोंद घराच्या नोंदीबरोबरच व्हावी, हे सही करण्यापूर्वी वाचून पाहावे. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांची अडचण इथेच सुरू होते, कारण पंचनाम्यात घरमालकाचे नाव येते आणि ज्यांचा संसार वाहून गेला त्यांचा उल्लेखही राहत नाही. तेव्हा त्या घरात प्रत्यक्ष कोण राहत होते, मुले किती व कोणत्या वयाची, हे आग्रहाने लिहवून घ्यावे आणि पंचनाम्याची प्रत मागावी. दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोहोच घेणे हा नियमच करावा.

मुलाचा जन्मदाखला जिथे जन्म झाला तिथल्या नोंदणीतून मिळतो. कोकणात बाळंतपण बहुधा माहेरी किंवा मुंबईला होत असल्याने, राहत्या गावच्या ग्रामपंचायतीत खेटे घालण्यापूर्वी आईला जन्माचे ठिकाण विचारावे. पाच वर्षांखालील मुलाच्या आधारसाठी बोटांचे ठसे लागत नाहीत. मुलाचे नाव शिधापत्रिकेत आहे का, हे आवर्जून पाहावे. रेशनच्या ‘प्राधान्य’ गटातील कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते, त्यामुळे नाव नसलेल्या मुलाचा वाटा दरमहा बुडतो. मूल सहा वर्षांचे झाले असेल, तर वयाचा पुरावा नाही या कारणावरून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. आईने प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा अर्ज केला नसेल, तर तोही याच वेळी भरावा. पहिल्या अपत्यासाठी ५ हजार रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६ हजार रुपये आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात.

घरकुलासाठी सर्वाधिक वेळ जमिनीच्या कागदांत जातो, म्हणून ते काम सर्वांत आधी हाती घ्यावे असे माझे ठाम मत आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये आहे, डोंगराळ व दुर्गम भागांत १ लाख ३० हजार; परंतु घर बांधायला स्वतःची जागा दाखवावी लागते, आणि आपल्याकडे सातबारा आजोबांच्या नावावर व हिस्सेदार मुंबई-ठाण्यात विखुरलेले, अशी स्थिती वाडीवाडीत आढळते. गणपतीला किंवा शिमग्याला सगळे गावी येतात तेव्हा संमतीपत्रांवर सह्या घेऊन ठेवाव्यात. जागाच नसलेल्यांनी पंचायत समितीत पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेची चौकशी करावी. रायगडमधील कातकरी कुटुंबांसाठी २०२३ पासून पीएम जनमन या केंद्राच्या आदिवासींसाठीच्या अभियानातून घरासाठी २ लाख रुपयांची तरतूद आहे. त्यासाठी जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा.

वीटभट्टीवर किंवा चिरेखाणीवर झोपडी बांधून राहणाऱ्यांनी आपले गावचे रेशनकार्ड सोबत बाळगावे, कारण ‘एक देश, एक रेशनकार्ड’ व्यवस्थेत दुसऱ्या राज्यातल्या कार्डावरही इथल्या दुकानातून धान्य मिळते.

आपली मुले काढून घेतील, या भीतीने अनेक आया कार्यालयाची पायरीच चढत नाहीत. त्यांना स्पष्ट सांगावे की बाल न्याय अधिनियम, २०१५ मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानतो. एकट्या पालकाला मूल सांभाळणे कठीण जात असल्यास जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात बालसंगोपन योजनेचा अर्ज करता येतो, आणि ती मदत मूल कुटुंबातच वाढावे यासाठीच आहे. रात्री-अपरात्री मुलांसाठी आसरा हवा असल्यास १०९८ वर विनाशुल्क फोन करता येतो.