डेटा कोण पाहतंय? डॅशबोर्ड लावताना या चुका टाळा

डॅशबोर्डवर लॉगिनचे आलेख झकास दिसतात, पण 'काल ग्राहकांचं टेबल कोणी उघडलं?' असं विचारलं की सगळे गप्प. लॉगिन मोजणं म्हणजे दारातून कोण आलं ते मोजणं. आत येऊन कोणी काय नेलं, हे त्यात कुठेच नसतं.

आधी नोंद होतेय का ते बघा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये क्वेरींची, म्हणजे डेटा मागणाऱ्या आदेशांची, नोंद मुळात बंदच असते. कोणतं टेबल कोणी वाचलं हे हवं असेल तर पीजीऑडिट हे जोडसाधन लावावं लागतं. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडट्रेल या नोंदसेवेमध्येही बकेट, म्हणजे फाइली ठेवायची जागा, तयार केल्याची नोंद आपोआप होते, पण आतली फाइल कोणी वाचली याची नोंद मुद्दाम चालू करावी लागते.

सगळ्यात महागात पडतं ते सामायिक खातं. अ‍ॅप डेटाबेसशी एकाच खात्याने बोलतं, त्यामुळे पन्नास माणसं काम करत असली तरी लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, नाव एकच. अ‍ॅपने प्रत्येक विनंतीबरोबर खऱ्या वापरकर्त्याचा आयडी सेशनमध्ये (डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीत) लिहावा आणि तो लॉगच्या ओळीत यावा. इथे एक खाच आहे: कनेक्शन पूल, म्हणजे त्याच त्या जोडण्या आळीपाळीने वापरायची सोय, असेल तर काम संपताच तो आयडी पुसायला हवा. नाहीतर तेच कनेक्शन पुढच्या माणसाला मिळतं आणि त्याची क्वेरी आधीच्याच्या नावावर चढते. निर्दोष माणसाला जाब विचारण्याची वेळ अशीच येते, म्हणून आयडी खरंच पुसला जातो का, ही चाचणी मी कधीच टाळत नाही.

आलेख शून्यावर आला की लोक निर्धास्त होतात. बऱ्याचदा डॅशबोर्डकडे लॉग पाठवणारा प्रोग्रामच (एजंट) बंद पडलेला असतो. एका चाचणी खात्याने दर पंधरा मिनिटांनी एक बनावट रेकॉर्ड वाचावा; ती नोंद दिसली नाही तर अलर्ट वाजावा.

मध्यरात्रीची हालचाल दिसली तर आधी टाइमझोन तपासा. लॉग बहुधा यूटीसीत, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे, असतो.

सगळ्यांना एकच मर्यादा लावू नका. अहवाल काढणाऱ्याने लाखभर ओळी वाचणं रोजचंच. पण दिवसाला वीस रेकॉर्ड उघडणाऱ्या मदतकक्षातल्या माणसाने एकदम दोनशे उघडले, तर विचारायलाच हवं. तुलना ज्याची त्याच्याच मागच्या काही आठवड्यांशी करा.

आणि क्वेरीतले मोबाइल नंबर लॉगमध्ये जसेच्या तसे उतरत असतील तर ते झाका. नाहीतर ज्या माहितीवर पहारा बसवला, तिचीच दुसरी प्रत डॅशबोर्ड पाहणाऱ्या प्रत्येकासमोर उघडी पडते.