चिनी शिकायला घेताय? आधी तिसरा टोन पक्का करा

सुरुवातीला चिनी अक्षरं गिरवायच्या वहीला हात लावू नका. आधी पिनयिन शिका. मँडरिनचे, म्हणजे प्रमाण चिनीचे, उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची ही पद्धत चीनने १९५८ साली अधिकृत केली, आणि शब्दकोशापासून फोनच्या कीबोर्डापर्यंत सगळीकडे तीच लागते.

पिनयिन इंग्रजीसारखं वाचू नका, मराठी कानाने ऐका. प आणि फ, क आणि ख यांतला फरक इंग्रजीभाषकाला कष्टाने शिकावा लागतो. आपल्या तो जिभेवरच आहे. पिनयिनमधला 'बी' म्हणजे आपला प आणि 'पी' म्हणजे फ. 'डी' आणि 'टी' हे त-थच्या जवळचे, 'जी' आणि 'के' म्हणजे क-ख. 'जे', 'क्यू', 'एक्स' हे साधारण चिमणीतला च, छ आणि श. 'झेड' म्हणजे चाक, चोर यांतला च. तोच च श्वासाचा झोत सोडून म्हटला की 'सी'. 'झेडएच', 'सीएच', 'एसएच' म्हणताना जीभ ट म्हणताना वळते तशी मागे वळवा. एकच जपा: 'पी'चा फ म्हणताना ओठ आधी पूर्ण मिटले पाहिजेत, कारण फॅनमधला फ चिनीत वेगळा आहे.

आता टोन, म्हणजे शब्द म्हणताना होणारा आवाजाचा चढउतार. माझं घोडं सगळ्यात जास्त काळ इथेच अडलं होतं, आणि बहुतेकांचं इथेच अडतं. चार टोन आहेत: पहिला उंच आणि सपाट, दुसरा चढता, तिसरा खालचा, चौथा वरून झपकन खाली येणारा. शिवाय काही अवयव (शब्दाचे उच्चारातले तुकडे) हलके, बिनटोनाचे असतात. 'माय' तिसऱ्या टोनमध्ये म्हटलं तर विकत घेणे, चौथ्यात म्हटलं तर विकणे. त्यामुळे 'टोन नंतर सुधारता येतील, आधी बोलायला लागा' हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. टोन हा शब्दाचाच भाग आहे. टोनाशिवाय पाठ केलेला शब्द पुढे पुन्हा नव्याने पाठ करावा लागतो.

खरी अडचण तिसऱ्या टोनची. पुस्तकात तो खाली जाऊन वर येणाऱ्या खुणेने दाखवतात आणि वर्गात हवेत हाताने खड्डा काढायला लावतात. शब्द सुटा, सावकाश म्हटला तर तो तसा ऐकू येतो, हे खरं. पण सलग बोलण्यात पुढे दुसरा शब्द आला की तो वर येतच नाही. खाली जातो आणि खालीच राहतो. तुम्ही प्रत्येक वेळी तो वर आणलात तर ऐकणाऱ्याला दुसरा टोन ऐकू येतो आणि वाक्याची लय तुटते. म्हणून तिसरा टोन 'खालचा टोन' म्हणूनच शिका. 'पेइचिंग' (बीजिंग) म्हणून बघा: 'पेइ' गळ्यातून खाली, 'चिंग' उंच आणि सपाट. मग 'मेइक्वो' (अमेरिका), म्हणजे खाली आणि मग चढता. मग 'वानफान' (रात्रीचं जेवण), खाली आणि मग झपकन पडणारा.

दोन तिसरे टोन लागोपाठ आले तर त्यांतला आधीचा दुसऱ्या टोनमध्ये म्हटला जातो. 'नी हाओ'मधला (म्हणजे नमस्कार) 'नी' म्हणूनच चढता ऐकू येतो, छापताना मात्र खूण तिसऱ्याचीच राहते. नकाराचा 'पू' मूळ चौथ्या टोनचा, पण पुढे चौथा आला की तोही दुसऱ्या टोनचा होतो.

सुटे टोन घोकत बसू नका, त्याने काही साधत नाही. सराव जोड्यांनी करा. चार टोन आणि त्यांच्यापुढे चार टोन किंवा हलका अवयव, अशा वीस जोड्या होतात. प्रत्येक जोडीला खराखुरा शब्द घ्या, चिनी माणसाच्या आवाजात ऐका, फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि दोन्ही लागोपाठ ऐका. डोळ्यांनी खुणा बघत म्हणू नका, आधी ऐका. आणखी एक मराठी सवय मोडा: प्रश्न विचारताना किंवा खात्री नसताना आपण वाक्याचा शेवट वर नेतो. चिनीत त्याने शेवटच्या शब्दाचा टोनच बिघडतो.

व्याकरणाला घाबरायचं कारण नाही. क्रियापद लिंग-वचन-काळानुसार बदलत नाही, आणि प्रश्नासाठी शेवटी 'मा' लावला की झालं, आपला 'का' लावतो तसा. आपण आणि आम्ही यांतला फरकसुद्धा उत्तरेकडच्या बोलीत 'चान्मन' आणि 'वोमन' असा सापडतो. वस्तू मोजताना आकडा आणि नाम यांच्या मध्ये लागणारे शब्द एकेका नामासोबतच पाठ करा.

अक्षरं आता हातात घ्या. चीनसाठी शिकत असाल तर सोपी केलेली, तैवान किंवा हाँगकाँगसाठी पारंपरिक. सरसकट चित्रं म्हणून पाठ करू नका. बहुतेक अक्षरांत एक भाग अर्थ सुचवतो, एक उच्चार: आईच्या 'मा'मध्ये डावीकडे स्त्री, उजवीकडे घोडा, कारण घोड्यालाही 'मा'च म्हणतात, फक्त टोन वेगळा. रेघा वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि चौकट शेवटी बंद करायची. शंभरेक अक्षरं हाताने लिहा, पुढची टाइप केली तरी चालतील. फक्त टाइप करताना पिनयिनला टोन द्यावा लागत नाही, त्यामुळे तो सहज विसरतो. प्रत्येक शब्द टाइप करण्याआधी एकदा मोठ्याने म्हणा, आणि शंका आली तर प्लेकोसारख्या शब्दकोशात टोन तपासून घ्या.