मॉन्ट्रियलमध्ये गाडी लावताना

रस्त्यावरच्या पार्किंगच्या पाट्या फक्त फ्रेंचमध्ये असतात, आणि एकाच खांबावर दोन-तीन लटकलेल्या असतात. इंग्रजीवर भागवणाऱ्यांनी एवढं पाहावं:

१. 'एल-यू-एन' सोमवार, 'एम-ए-आर' मंगळवार (मार्च नव्हे!), 'एम-ई-आर' बुधवार, 'जे-ई-यू' गुरुवार, 'व्ही-ई-एन' शुक्रवार.

२. वेळ २४ तासांची असते. १५ या आकड्यापुढे 'एच' लिहिलेलं असेल, तर ते दुपारचे तीन.

३. बाण ज्या बाजूला, नियम त्या बाजूला. खांबावरच्या सगळ्या पाट्या वाचा. वरची परवानगी देते आणि खालची काढून घेते, असं सर्रास होतं.

हिवाळ्यात मात्र बर्फ उचलण्यासाठी लावलेली तात्पुरती नारिंगी पाटी दिसली, की बाकीच्या पाट्या विसरा आणि गाडी हलवा. नाहीतर ती ओढून नेतात, वर दंडही होतो. बर्फ कुठे, कधी उचलणार ते सांगणारं 'इन्फो-नेज' हे ॲप फोनमध्ये असू द्या.