मॅटप्लॉटलिबमध्ये अ‍ॅक्सिसची लिमिट आणि स्केल कशी धरायची

गोव्यातल्या पणजीचा आणि वाळपईचा दर महिन्याचा पाऊस घ्या, मॅटप्लॉटलिबमध्ये, म्हणजे पायथॉनच्या ग्राफ काढायच्या लायब्ररीत, शेजारी शेजारी दोन ग्राफ काढा आणि बघा, दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतील. वाळपई घाटाकडची, तिथे पाऊस पणजीपेक्षा कितीतरी जास्त, पण मॅटप्लॉटलिब प्रत्येक ग्राफचा वाय अ‍ॅक्सिस त्या त्या डेटाप्रमाणे ताणतो, त्यामुळे फरकच कळत नाही. तुलना करायची असेल तर सबप्लॉट्स(१, २, शेअरवाय=ट्रू) लिहायचं, म्हणजे दोन्ही ग्राफना वायची एकच स्केल, बस.

लिमिट स्वतः द्यायची तर एएक्स.सेट_वायलिम(०, २०००) (एएक्स म्हणजे त्यातला एक ग्राफ), नुसता तळ हवा असेल तर सेट_वायलिम(बॉटम=०). पण ही ओळ प्लॉटच्या नंतर लिहा हां, कारण डेटा यायच्या आधी अ‍ॅक्सिस ० ते १ असतो आणि लिमिट दिली की ऑटोस्केल, म्हणजे डेटाप्रमाणे आपोआप ताणणं, बंद पडतो, म्हणजे तळ ० केला तरी वरचा टोक १ वरच अडकतो आणि जुलैचा पाऊस सरळ ग्राफच्या बाहेर. परत ऑटोवर न्यायचं तर एएक्स.ऑटोस्केल(). सेट_डेटा वापरून जुन्याच लाइनीत नवे आकडे भरत असाल तर आधी रीलिम() म्हणजे नव्या आकड्यांचा आवाका परत मोजायला, मग ऑटोस्केल_व्ह्यू() म्हणजे तो ग्राफला लावायला.

कडेला थोडी जागा सुटते ती ५ टक्क्यांची मार्जिन, २.० व्हर्जनपासून डिफॉल्टच आहे. लाइन जानेवारी ते डिसेंबर काठाला टेकलेली पाहिजे तर एएक्स.मार्जिन्स(एक्स=०).

लॉग स्केलचा, म्हणजे १, १०, १०० अशा दहापटीच्या पायऱ्यांचा, मोह पावसाला तरी नको. जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याकडे बहुतेक वेळा शून्यच आणि शून्याचा लॉग नसतो, ते पॉइंट गायबच होतात. अगदीच हवं तर सेट_वायस्केल('सिमलॉग', लिनथ्रेश=१०), म्हणजे १० पर्यंत साधी स्केल आणि पुढे लॉग. तरी वाचणाऱ्याला मिलिमीटर सरळच बरे पडतात असं माझं मत.

विहिरीच्या पाण्याची पातळी मात्र जमिनीपासून खाली मोजतात, तिथे अ‍ॅक्सिस उलटा पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात विहीर भरते आणि ग्राफ खाली जातो. एएक्स.इन्व्हर्ट_वायअ‍ॅक्सिस() आहे, पण तो स्विचसारखा चालतो, दोनदा दाबला की परत सुलटा, आणि शेअरवाय असताना लूपमध्ये दोन्ही ग्राफवर चालवला की नेमकं तेच होतं. त्यापेक्षा सेट_वायलिम(१२, ०) द्या, मोठा आकडा आधी, मग कितीही वेळा चालवा.